शकूबाईच्या फाटकातून पंप जात नाही

शकूबाईशी भांडायचं असेल तर सकाळी भांडू नये. सकाळी ती वाडीत असते, हातात कात्री असते, आणि किडींसाठी काढलेल्या शिव्या तोंडात तयार असतात. मध्ये कोणी गेलं की त्या त्याच्या वाट्याला येतात. हे मी अनुभवानं सांगते. रोहणा गावात आमची दोघींची भिंत एकच. माझी शिलाई मशीन मागच्या खिडकीत, आणि खिडकीच्या बाहेर तिची वाडी. लोकांचे ब्लाउज शिवता शिवता मी या बाईच्या सगळ्या लढाया पाहिल्या आहेत, आणि कोणी तिला नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. नावं ठेवायची तर मी ठेवीन, मला तो हक्क आहे. बाकीच्यांनी आपापली कुंपणं सांभाळावीत.

वाडी म्हणजे घरामागचा एक तुकडा. वांगी, मिरची, टमाटर, पालक, सांभार (शहरातले कोथिंबीर म्हणतात, म्हणोत बापडे), कडेनं झेंडू आणि कुंपणावर वालाचा वेल. पण नवीन माणसाला आधी दिसतात ती झाकणं. तेलाच्या डब्यांची झाकणं तिनं ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवून उरलेल्या पिवळ्या रंगानं रंगवली, त्यांना एरंडीचं तेल फासलं आणि दोरीवर टांगून दिली. पांढरी माशी पिवळ्या रंगाला भुलते, येऊन बसते, आणि बसली की बसलीच. एकदा पोस्टमन विचारत होता, "का जी शकूबाई, घरी लगन हाये का?" ती मान वर न करता म्हणाली, "हाव. माशीचं लगन हाये, अन् तेरवी बी आजच हाये."

वालावर मावा पडला की ती बोटांनीच तो पुसून काढते, "चिकट मुडदे" म्हणत. उन्हाळ्यात सासू-सुना मिळून निंबोळ्या वेचतात, वाळवतात, कांडतात. ते कूट फडक्यात बांधून रात्रभर भिजत घालायचं, दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर त्यात थोडं साबणाचं पाणी घालून केरसुणीनं झाडांवर शिंपडायचं. वास असा की मी खिडकी लावून घेते. ती फार हुशार आहे असं मात्र समजू नका. एका वर्षी तिनं तंबाखूचं पाणी इतकं कडक उकळलं की मिरचीची पानं पार जळली. त्यानंतर कितीतरी दिवस ती कोणाशी बोलली नाही, फक्त मिरचीशी बोलायची, आणि तेही वरच्या आवाजात.

एवढा खटाटोप कशासाठी? दुकानातून औषधाची बाटली आणावी, पंप पाठीवर घ्यावा, काम संपलं. सगळं गाव तेच करतं. पण शकूबाईच्या घरात एक माणूस आहे, बंडूजी, तिचा नवरा. काही वर्षांपूर्वी तो पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करायला गेला होता. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंदट, तोंडाला नुसता दुपट्टा. वारा फिरला आणि सगळं अंगावर आलं. बांधावरच आडवा झाला. उलट्या थांबेनात, तोंडाला फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कुंपणापलीकडच्या लक्ष्मणरावांच्या जीपमध्ये घालून त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं म्हणून तो वाचला. वाचला, पण उजवा हात जो थरथरायला लागला तो लागलाच. चहा अर्धा कपच द्यावा लागतो. आणि कुठलीही भाजी समोर आली की आधी नाकाशी नेतो आणि विचारतो, "कुठची हाये?" बायकोच्या वाडीतली असली तर मात्र हुंगत नाही. तेवढं एकच ताट तो न विचारता जेवतो.

तो घरी आला त्या दिवशी शकूबाईनं घरातला पंप भंगारवाल्याच्या गाडीत फेकला आणि फाटकात उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "आजपासून या फाटकातून पंप आत येनार नाई. माह्या बापाचा बी नाई अन् देवाचा बी नाई!"

देवाचं नाव तिनं उगाच काढलं, कारण पुढं खरंच देवाशीच गाठ पडली.

त्याचं असं. आमच्याकडे आषाढी एकादशीपासून वांगं बंद. ते सुटतं थेट मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला. आम्ही तिला वांगेसट म्हणतो. त्या दिवशी खंडोबाच्या ठाण्यावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याचं भरीत करायचं, आधी देवाला आणि मग सगळ्यांनी बसून खायचं. आता पाळणारे कमी झाले, पण शकूबाईची सासू अनुसयाबाई पाळते, आणि ती पाळते म्हणजे दुप्पट पाळते. नुसतं खायचं नाही एवढ्यावर तिचं भागत नाही. वांगेसटीपर्यंत झाडावरच्या वांग्याला हात लावायचा नाही. पहिलं टोपलं तोडायचं ते देवासाठी, आणि ते ठाण्यावर जायचं ते याच वाडीतून. अनुसयाबाईच्या सासूपासून तसंच चालत आलंय. वाणही घरचंच, हिरवं, पांढऱ्या रेघांचं, काटेरी. भरतासाठी असं वांगं दुसरं नाही. खाऊन पाहिल्याशिवाय माझ्याशी वाद घालू नये.

यंदा शेंडेअळी आली. हिचं वागणं चोराचं. कोवळ्या शेंड्यात शिरते, आतून पोखरते, आणि शेंडा मान टाकतो. फळं लागली की फळात शिरते. वरून टाचणीनं टोचल्यासारखं एक भोक दिसतं, कापलं की आत सगळा चिखल. शकूबाई रोज सकाळी मान टाकलेले शेंडे कात्रीनं कापायची, निंबोळीचं पाणी शिंपडायची, शिव्या घालायची. कशाचाच उपयोग होईना.

कुंपणापलीकडे लक्ष्मणरावांचं भाजीचं वावर. स्टँडवर त्यांचं खता-औषधांचं दुकान आहे, आणि ठाण्याच्या पंचकमिटीचे तेच अध्यक्ष. माणूस वाईट नाही. बंडूजीला जीप त्यांनीच दिली होती, आणि ते कधी बोलूनही दाखवत नाहीत. पण औषध विकणाऱ्याला औषधच दिसतं. एक दिवस ते कुंपणाशी आले, मागं चार माणसं, आणि वांग्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "शकूबाई, तुमची वाडी म्हंजे अळ्यायचं माहेर झालं हाये. इथून उठतात अन् माह्या वावरात येतात."

"मंग तुमचं वावर काय त्याहीचं सासर हाये?" शकूबाई म्हणाली. "तुमी तं आठवड्याले फवारता. मरत काऊन नाई मंग?"

माणसं हसली. लक्ष्मणरावांचा चेहरा उतरला. "हसण्यावारी नेऊ नोका. एक फवारा मारू द्या, मी फुकट मारून देतो. नाई तं झाडं उपटा. किडकी वांगी देवापुढं ठेवशान का? यंदा कमिटी माह्या वावरातलं टोपलं ठेवन, सांगून ठेवतो."

आणि इथं शकूबाईचा तोल गेला. तिनं कात्री मातीत रोवली. "वांगेसटीले या वाडीतून बिनकिडक्या वांग्याचं भरलेलं टोपलं नाई निघालं, तं पंप मी सोता पाठीवर घेईन. तुमच्याच दुकानातून घेईन. अन् निघालं, तं पुना या कुंपणाशी येऊन माहेर-सासर करायचं नाई. आहे कबूल?"

"कबूल," लक्ष्मणराव म्हणाले.

खाटेवर बसलेल्या बंडूजीच्या हातातला कप खाली पडला. फुटला नाही, स्टीलचा होता, पण त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. काय बोलून बसली ही बाई! ज्या माणसासाठी पंप बाहेर फेकला, त्याच माणसाच्या खाटेजवळून आता तो आत यायचा होता. मला इतका राग आला की हातातल्या ब्लाउजची बाही मी उलटी जोडली.

त्यानंतर मीही हात धुऊन त्या अळीच्या मागं लागले. मोबाईलवर वांग्यावरच्या अळीबद्दल जे काही सापडेल ते खिडकीतून मोठ्यानं वाचून दाखवायचे. सगळीकडे तेच ते. "किडलेले शेंडे आणि किडलेली फळं तोडून नष्ट करा," मी वाचलं.

"तोडूनच तं राह्यली," ती म्हणाली.

"शेंडे तोडून राह्यली. फळं?"

ती हळूच म्हणाली, "मले का मालूम नाई काय, मीराबाई? पण तोडू कशी? वांगेसट कुठी झाली अजून?"

बरोबर होतं. माझ्याही घरी तेच. भोक पडलेली वांगी झाडावर लटकलेली दिसत होती, रोज दिसत होती, आणि आम्ही दोघी शहाण्या बाया त्यांना हात न लावता त्यांच्या आजूबाजूचे शेंडे कापत होतो.

तेवढ्यात बंडूजी खाटेवरून बोलला. तो फार बोलत नाही. त्याच्या पायाशी एक वांगं गळून पडलं होतं, ते त्यानं फोडलं होतं. गळालेल्याला काही नियम नाही. आतून गुलाबी, चांगली पोसलेली अळी निघाली, सावकाश खाली उतरली आणि वाळल्या पाल्याखाली शिरली. बंडूजीनं पाला उचलून दाखवला. खाली आधीच कितीतरी जणी कोश करून झोपल्या होत्या. तिथून पाखरू होऊन उठायचं, परत शेंड्यावर अंडी, परत शेंड्यात अळी.

"आपन उपास करून राह्यलो," तो म्हणाला, "अन् हे जेवून राह्यली."

शकूबाई त्या पाल्याकडे पाहत राहिली. मग पदर खोचला आणि सरळ एका झाडाजवळ गेली, भोक पडलेलं वांगं धरलं आणि ओरडली, "आत्याबाई! बाहेर या!"

अनुसयाबाई काठी टेकत दारात आली. सुनेचा हात कुठं आहे ते पाहिलं आणि तिचा आवाज चढला. "सोड! सोड थे! वांगेसट व्हायची हाये. माह्या सासूनं तोडलं नाई, मी तोडलं नाई."

"हे भोक दिसते का तुमाले?"

"मले समदं दिसते."

"मंग सांगा, कोनं खाल्लं हे? चार महिने आपन तोंड बांधून बसलो. तुमी बसल्या, मी बसली, हे बसले. देवाच्या आधी खायचं नाई म्हनून बसलो. अन् अळीनं? तिनं इचारलं का देवाले? देवाच्या आधी तिनं उष्टं केलं, आत्याबाई! झाडावरचं एकूणएक उष्टं करून राह्यली, अन् आपन राखन करून राह्यलो तिच्या ताटाची. उष्टं देवापुढं ठेवता का तुमी? सांगा न!"

अनुसयाबाईनं काठी जमिनीवर आपटली. "तोड मंग," ती म्हणाली. "पन आजपासून माह्यासंगं बोलू नोको."

"नाई बोलत," शकूबाई म्हणाली, आणि ते वांगं तिनं तोडलं.

चांगली उन्हं होती, येणारे-जाणारे पाहत होते, आणि ती तोडत होती. तिला लपवायचंच नव्हतं. मी मशीन बंद केली आणि भिंतीला वळसा घालून वाडीत गेले. दोघींनी मिळून भोक दिसेल ते प्रत्येक वांगं तोडलं, अंगठ्याएवढंही सोडलं नाही. ती सगळी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून तोंडं घट्ट बांधली आणि पत्र्यावर उन्हात ठेवून दिली, आतल्या आत शिजू दे म्हणून. खालचा पाला झाडून कोशांसकट खोल खड्ड्यात पुरला. झाडं नागडी दिसायला लागली. अनुसयाबाईनं आपली खाट फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

गावाला विषय मिळाला. शकूनं वांगेसटीच्या आधी वांगी तोडली! पिठाच्या चक्कीवर एक बाई मला म्हणाली की अशा घरात आता काही भलं होत नाही. मी तिचा ब्लाउज अजून शिवून दिलेला नाही. लक्ष्मणरावांनी निरोप पाठवला की नेम मोडलेल्या झाडाचं टोपलं ठाण्यावर चढणार नाही, मग वांगी किडकी असोत की चांगली. निरोप घेऊन आलेल्या माणसाला शकूबाईनं पाणी दिलं आणि सांगितलं, "त्याहीले म्हना, टोपलं घेऊन मी येतो. चढते का नाई थे तिथीच पाहू."

मग रोज तेच. शेंडे कापायचे, भोक दिसलं की तोडायचं, पिशवीत बांधायचं, पाला झाडायचा. अळी एकदम गेली असं नाही. पण मान टाकलेले शेंडे कमी होत गेले, नवी फुलं आली, आणि कार्तिक संपताना झाडांवर हिरवी, चकचकीत, काटेरी वांगी लागली. शकूबाई एकेक उलटं करून पाहायची. मी खिडकीतून विचारायचे, "भोक?" ती म्हणायची, "नाई." सासू अजूनही बोलत नव्हती. ताट समोर आलं की जेवायची आणि भिंतीकडे वळायची. त्याचा शकूबाईला त्रास होत होता, ते मला कळत होतं, कारण ती किडींना शिव्या घालायचीसुद्धा विसरायला लागली होती.

वांगेसटीला सकाळी तिनं टोपलं भरलं. काठोकाठ भरलं. मी, ती, बंडूजी असे निघालो. अनुसयाबाई काठी टेकत मागून आली.

ठाण्यावर लक्ष्मणरावांचं टोपलं आधीच देवासमोर मांडलेलं होतं. मोठमोठी जांभळी वांगी, एकासारखं एक. शकूबाईनं आपलं टोपलं शेजारी ठेवलं. लक्ष्मणराव पुढं आले, आवाज खालीच ठेवला होता. "शकूबाई, पैज तुमी जिंकल्या. मी मानतो. वाडीत पंप नाई येनार. पन हे टोपलं उचला. झाडाले आधीच हात लागला हाये. देवाच्या कामात मले तोंडदेखलं करता येत नाई."

"किडकं काढाले हात लागला," शकूबाई म्हणाली. "तुमच्याले काय कमी हात लागला? त्याच्यावर काय काय लागलं थे सांगू का?"

"फवारलं म्हनून काय झालं? समदं जग खाते."

तेव्हा बंडूजी पुढं झाला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं बायकोच्या टोपल्यातलं एक वांगं उचललं, थरथरत्या हातानं काटे खरवडले, ना हुंगलं, ना धुतलं, आणि देवासमोर उभं राहून कच्चंच खाल्लं. कच्चं वांगं कसं लागतं ते खाऊन पाहा म्हणजे कळेल. तोंड वाकडं न करता त्यानं चावून गिळलं. बायांनी तोंडावर पदर घेतले. देवाच्या आधी खाल्लं, आणि तेही देवाच्या पुढ्यात!

मग त्यानं दुसऱ्या टोपल्यातलं एक जांभळं वांगं उचललं. ते मात्र त्यानं आधी नाकाशी नेलं. मग लक्ष्मणरावांच्या पुढं धरलं. हात असा हलत होता की वांगं पडतं की काय असं वाटलं.

"घ्या, भाऊ," तो म्हणाला. "तुमी मले जीपमधी नेलं होतं. तुमच्यामुळं जिवंत हावो मी, म्हनून तुमाले खोटं नाई सांगत. खा न. धुऊ नोका."

लक्ष्मणरावांनी वांगं हातात घेतलं. फिरवलं. एकदा बायकोकडे पाहिलं. सुलोचनाबाई, त्यांची बायको, गेली कित्येक वर्षं मागच्या कुंपणातून शकूबाईकडून पालक आणि सांभार घेऊन जाते. मी रोज खिडकीतून पाहते. ती पुढं आली, आपल्याच घरचं टोपलं उचललं आणि नेऊन कडेला, चपलांपाशी ठेवलं. लक्ष्मणराव तसेच उभे. ते वांगं त्यांनी खाल्लं नाही, आणि परत टोपल्यातही टाकलं नाही.

सगळे अनुसयाबाईकडे पाहायला लागले, कारण नेम तिचा होता, आणि तो आता दोनदा मोडला होता. एकदा सुनेनं आणि एकदा पोटच्या पोरानं. म्हातारी काठी टेकत टोपल्यापर्यंत आली. एक वांगं उचललं, देठाशी पाहिलं, बुडाशी पाहिलं, बोटानं चाचपलं. मग टोपलं दोन्ही हातांनी देवाच्या पायाशी सरकवलं.

"माह्या लेकानं न धुता खाल्लं," ती म्हणाली. "आता देवाले काय भेव हाये?"

आणि सुनेकडे वळून, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, ओरडली, "पाह्यत काय राह्यली वं शकू? गोवऱ्या पेटव!"